शेवटून पहिले येण्याची भीती

आरोग्य आणि व्यायाम : वाचकांचे प्रश्न

गणपतींचे विसर्जन झाले आणि पावसाची झड ओसरली की मराठवाड्यातल्या शहरांत पहाटे पळणाऱ्यांची संख्या वाढू लागते. आपल्याकडच्या आणि पुण्या-मुंबईच्या बहुतेक मोठ्या शर्यती डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत होतात आणि तिथून सोळा आठवडे मागे मोजत आले की नेमका हाच काळ येतो. शर्यतीच्या तयारीसाठी सामूहिक प्रशिक्षण वर्गात जावे की नाही आणि गेल्यास तिथे काय पाहावे, याविषयीची पत्रे या महिन्यात सर्वांत जास्त आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना इथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्या पत्रातली भीती मी छत्रपती संभाजीनगरात वर्ग घेऊ लागल्यापासून दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकत आलो आहे.

प्रश्न : मी लातूरला शिक्षिका आहे, वय ४३. आमच्या शहरात अर्धमॅरेथॉनच्या तयारीसाठी १६ आठवड्यांचा वर्ग सुरू होणार असून तो आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला भरेल. शाळेत असताना मी खो-खो खेळत होते. त्यानंतर कधी पळाले नाही, मात्र रोज अर्धा तास चालते. सर, मला दमण्याची भीती वाटत नाही. सगळ्यांच्या मागे राहीन आणि बाकीचे थांबून माझी वाट पाहतील, याची वाटते. दोन-तीन महिने एकटीने सराव करून मग वर्गात जावे का? घरचे म्हणतात की या वयात गुडघे घालवून बसशील.

उत्तर : ताई, थांबू नका, याच वर्गात नाव घाला. तयार होऊन मग वर्गात जाण्याचा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो, पण प्रत्यक्षात एकट्याने सुरुवात करणारी माणसे जवळजवळ नेहमी एकच चूक करतात. शाळेत पळायचो तसे ती पळू लागतात. खो-खोतले पळणे काही सेकंदांचे आणि जीव तोडून पळायचे असते, आणि शरीराच्या आठवणीत पळणे म्हणजे तेवढेच राहिलेले असते. त्यामुळे पहिल्या दिवशी अर्ध्या किलोमीटरवर पोटात कळ येते, दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या भरून येतात आणि आठवड्याच्या आत ‘हे आपले काम नव्हे’ असे मनाशी ठरून जाते. चांगल्या वर्गाचा पहिला उपयोग असा की तो तुम्हाला हळू पळायला लावतो. आपल्या भागातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या तुम्ही पाहिल्या असतील. दिंडीत सत्तरीची आजी आणि विशीचा नातू एकाच चालीने जातात, आणि ती चाल मुक्कामाचा विचार करून ठरलेली असते. पळण्याच्या गटातही सुरुवातीचे दोन महिने अशीच चाल हवी.

आता मागे राहण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. एखाद्या शर्यतीत त्यासाठी साडेतीन तासांची मुदत असेल, तर एका किलोमीटरला जवळजवळ दहा मिनिटे मिळतात, आणि ताशी सहा किलोमीटरच्या झपझप चालण्याचा वेग जवळपास तेवढाच असतो. मुदत तीन तासांची असेल, तर किलोमीटरमागे साडेआठ मिनिटे मिळतात, म्हणजे थोडे पळणे आणि थोडे चालणे आळीपाळीने केले तरी ती गाठता येते. नाव नोंदवण्यापूर्वी त्या शर्यतीची मुदत किती आहे, हे मात्र आवर्जून पाहावे, कारण प्रत्येक आयोजक ती वेगळी ठेवतो.

पळणे आणि चालणे आळीपाळीने करण्याची ही पद्धत कमकुवत माणसांसाठी काढलेली तडजोड आहे, असे समजू नका. जेफ गॅलोवे या अमेरिकी धावपटूने ती नवशिक्यांमध्ये रुजवली, आणि तो स्वतः १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर पळालेला माणूस होता. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळून दोन मिनिटे चालावे आणि असे आठ-दहा वेळा करावे. दर आठवड्याला पळण्याचा वाटा थोडा वाढवावा आणि चालण्याचा कमी करावा. चालायला सुरुवात दम लागल्यानंतर करायची नसते. ठरलेले मिनिट संपले की अंगात ताकद असली तरी चालायचे. पहिल्या दिवसापासून हा नियम पाळणाऱ्यांना शेवटचे किलोमीटर जड जात नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. वेग योग्य आहे की नाही, हे ठरवायला घड्याळही लागत नाही. शेजारी पळणाऱ्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. आमच्या वर्गात काही ज्येष्ठ भगिनी हरिपाठातला अभंग म्हणत पळतात. चरण मध्येच तुटला की त्या वेग कमी करतात, आणि यापेक्षा सोपे माप मला अजून सापडलेले नाही.

गुडघ्यांविषयी घरच्यांना वाटणारी काळजी प्रेमापोटी आहे, पण ती जरा चुकीच्या जागी आहे. निरोगी गुडघा बेताच्या पळण्याने झिजतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. खरी अडचण निराळी आहे. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. हृदय आणि फुप्फुसे या कामाला चार-सहा आठवड्यांत सरावतात, तर हाडे, अस्थिबंध आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे यांना कित्येक महिने लागतात. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात ‘आता मला दम लागत नाही’ या आनंदात माणसे अंतर एकदम वाढवतात आणि नडगी, टाच किंवा गुडघ्याची वाटी दुखू लागते. या दुखण्याचे कारण वयात शोधले जाते, मात्र ते बहुतेक वेळा घाईत असते. आठवड्याचे लांब पळणे चार-पाच किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू सोळा-सतरापर्यंत न्यावे, दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे आणि शर्यतीच्या आधीचे दहा दिवस पळणे कमी करून पायांना विश्रांती द्यावी. वर्गाचे वेळापत्रक हातात आले की त्यात हे तीनही आहे का, ते पाहा. उठाबशा, पायऱ्या चढणे, टाचा उचलणे असे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा असले, तर गुडघ्यांना मोठा आधार मिळतो.

वर्ग निवडण्यापूर्वी एक दिवस नुसते जाऊन उभ्या राहा, आणि सर्वांत पुढे कोण आहे ते पाहू नका. सर्वांत शेवटी येणाऱ्या माणसाकडे पाहा. त्याच्यासोबत प्रशिक्षकांपैकी कोणी येत आहे का? तो पोहोचेपर्यंत पाणी शिल्लक आहे का, की बाकीचे फोटो काढून पांगले आहेत? शेवटच्या व्यायामाला त्याला सामावून घेतले जाते का? गटाविषयी मला जे कळायचे असते, ते एवढ्यावरून कळते. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका गटात शिकायला जात होतो. तिथे दर रविवारी सगळ्यांच्या वेळांची यादी वेगानुसार लावून मोबाइलवर सर्वांना पाठवली जाई. त्यात वाईट हेतू नव्हता, चुरस वाढावी एवढाच होता. पण यादीच्या तळाशी असलेल्या सात-आठ जणी दोन महिन्यांत एकेक करून येईनाशा झाल्या आणि त्यांना फोन करून विचारावे, असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. मलाही सुचले नाही, याचे वाईट आजही वाटते. तुमच्या वर्गात अशी यादी लागत असेल, तर प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा की माझी वेळ मला एकटीला कळवा.

पहिल्याच दिवशी तब्येतीची चौकशी न करणाऱ्या वर्गात जाऊ नये, हेही सांगून ठेवतो. श्रम करताना छातीत दुखणे, कधी भोवळ येऊन पडणे, रक्तदाब, घरात कोणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. तुम्ही त्याशिवाय हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. हिमोग्लोबिन १२च्या खाली असताना स्त्री जिद्दीने पळत राहते, दमते आणि दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला देते, हे मला फार अन्यायाचे वाटते. ते कमी निघाल्यास उपचार डॉक्टरांनी ठरवावेत. जेवणासोबत आणि जेवणानंतर लगेच चहा घेणे मात्र आजपासून बंद करता येईल, कारण चहामुळे अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही.

कपड्यांचे विशेष काही नाही. सैल सलवार-कुर्त्यावर सुरुवात केली तरी चालते, पण ओढणी घरी ठेवा आणि आतून घट्ट आधार देणारी पळण्यासाठीची ब्रा जरूर घ्या. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते, आणि अंगठ्यापुढे एका बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडावी.

प्रश्न : मी जालन्याचा आहे, वय २४. पोलीस भरतीसाठी तीन वर्षे सराव केला. १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत पळतो. भरती हुकली. आता मित्रांसोबत अर्धमॅरेथॉनच्या वर्गाला जातो, पण तिथले सर मला आठवड्यातून फक्त एकदा जोरात पळू देतात आणि बाकीचे दिवस ‘हळू, अजून हळू’ म्हणतात. त्यामुळे माझी गती मारली जाईल असे वाटते. वर्ग सोडून एकट्याने तयारी करावी का?

उत्तर : भरती हुकल्याचे दुःख मी समजू शकतो. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आलेल्याला १६०० मीटरचे २० पैकी २० गुण मिळतात, आणि तुम्ही त्यापासून केवळ दहा सेकंद दूर आहात. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पळणारी शेकडो मुले या दहा सेकंदांसाठीच पळत असतात. तुमच्या पायांत गती आहे, यात शंका नाही. मात्र तुमच्या सरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे समजून घेतलेत, तर वर्ग सोडण्याचा विचार मनात राहणार नाही.

तुम्ही १६०० मीटर पळता तो वेग किलोमीटरला ३ मिनिटे २० सेकंदांचा आहे. पाच मिनिटांत संपणाऱ्या या पळण्याचा शेवटचा भाग प्राणवायूची उधारी करून काढता येतो. पाय जड होतात, छाती भरून येते, पण रेषा समोर दिसत असते. अर्धमॅरेथॉन तुम्हाला दीड ते दोन तास पळायची आहे, आणि तेवढा वेळ उधारीवर काढता येत नाही. तिथे जवळजवळ सगळी ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच तयार व्हावी लागते. त्यासाठी स्नायूंत बारीक केशवाहिन्यांचे जाळे वाढावे लागते, पेशींमधली ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे वाढावी लागतात आणि शरीराला साखरेबरोबर चरबीही इंधन म्हणून वापरण्याची सवय लागावी लागते. हे बदल मुख्यतः लांब आणि सावकाश पळण्याने होतात. रोज जोर लावला, तर शरीराला सावरायला वेळ मिळत नाही, आणि मग ज्या दिवशी खरोखर जोरात पळायचे असते, त्या दिवशी पाय उचलत नाहीत. जगभरातले लांब पल्ल्याचे अव्वल धावपटू आपल्या एकूण पळण्यापैकी सुमारे ८० टक्के भाग सावकाशच पळतात.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे तुम्हाला माहीत असेलच. २०२०मध्ये दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्याने १ तास ३० सेकंद अशी वेळ दिली आणि ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. भागाकार केलात तर हा वेग किलोमीटरला २ मिनिटे ५२ सेकंद निघतो. म्हणजे तुम्ही ज्या वेगाने एक हजार सहाशे मीटर पळून थांबता, त्याहून अधिक वेगाने तो एकवीस किलोमीटर पळत राहिला. हे तुम्हाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. भरतीच्या सरावातून तुम्ही इमारतीचा वरचा मजला बांधला आहे आणि पाया घालायचे काम राहिले आहे, एवढेच त्यावरून दिसावे.

सावकाश पळण्याचा तुमचा वेग किलोमीटरला साडेपाच ते सहा मिनिटांच्या आसपास असावा. आठवड्यातला एक दिवस मैदानावर ४०० मीटरच्या फेऱ्या, सहा ते आठ, मध्ये सावकाश पळत विश्रांती, असा ठेवा. एखाद्या सावकाश दिवसाच्या शेवटी १०० मीटरचे चार-सहा मोकळे धावे घ्या, त्यांनी गती टिकते. वय आणि नियमांत बसत असाल, तर पुढच्या भरतीलाही याचा फायदाच होईल; ज्याचा पाया रुंद असतो, त्याला १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीत दम कमी लागतो.

एक विनंती आहे. पंधरा दिवसांतून एखादा रविवार वर्गातल्या सर्वांत मागच्या लोकांबरोबर पळा. त्यांच्याशी बोलत पळताना तुमचा वेग आपोआप योग्य राहील, आणि मोती तलावाकडे फिरायला जाणाऱ्या तुमच्या आई-वडिलांच्या वयाच्या माणसांना तुमच्यासारखा तरुण सोबत आहे, याचा जो आधार वाटेल, तो प्रशिक्षकाला एकट्याने देता येत नाही.

प्रश्न : परभणी. वय ५६. मधुमेह आठ वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. साखर बरीचशी आटोक्यात आहे. दहा किलोमीटरच्या शर्यतीच्या तयारीचा वर्ग लावला आहे. पहाटे उपाशीपोटी पळावे का, आणि मधुमेहाची गोष्ट वर्गात सांगावी का? उगाच सगळे काळजी करत बसतील, म्हणून अजून सांगितलेली नाही.

उत्तर : वर्गात अवश्य सांगावी, आणि आजच सांगावी. आपण घेत असलेल्या दोन औषधांपैकी ग्लिमेपिराइडमुळे श्रमानंतर साखर एकदम खाली जाऊ शकते. अशा वेळी घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलतो आणि शेजारच्याला वाटते की हा दमला असेल. सोबतच्यांना माहिती असेल, तर ते लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज देतील. ही पुडी स्वतःच्या खिशातही कायम असावी.

उपाशीपोटी पळू नये. निघण्यापूर्वी साखर मोजावी; ती १००च्या खाली असेल, तर एक केळे खाऊन थोडे थांबून निघावे. आपल्याकडे अर्धापूरची केळी जवळच पिकतात, त्यापेक्षा सोयीचे खाणे शोधायची गरज नाही. औषधाची मात्रा व्यायामाच्या दिवशी बदलायची का, हे डॉक्टरांनीच ठरवावे, आणि वर्ग सुरू ठेवण्यापूर्वी त्यांच्याकडून हृदयाची, डोळ्यांच्या पडद्याची आणि पावलांच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. पळून आल्यावर रोज दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात, कारण मधुमेहात लहानसा फोडही दुखत नाही आणि चिघळतो. अनवाणी पळणे आपल्यासाठी नाही. कृषी विद्यापीठाच्या परिसरातले रस्ते मिळत असतील, तर तिथेच सराव करावा. शहराच्या रहदारीत सुरुवात करू नये. परभणीच्याच ज्योती गवते मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आलेल्या आहेत, तेव्हा आपले शहर पळणाऱ्या माणसाला नवीन नाही.

प्रश्न : आम्ही माजलगाव तालुक्यातल्या एका गावातल्या पाच जणी आहोत. एक अंगणवाडी सेविका, दोघी बचत गटातल्या, एक किराणा दुकान चालवणारी आणि एक कॉलेजला जाणारी. बीडला झालेली एक शर्यत पाहून आम्हालाही पाच किलोमीटर पळावेसे वाटते. आमच्याकडे वर्ग नाही, मैदान नाही, शिकवणारे कोणी नाही. रस्त्याने उसाच्या गाड्या असतात आणि कुत्रीही आहेत. आमचे आम्हाला काही करता येईल का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि घरात सर्वांना वाचून दाखवले. तायांनो, पाच जणी ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी जमत असतील, तर वर्ग सुरू झाला आहे. प्रशिक्षकाचे काम तुमच्यातल्या एकीने आळीपाळीने करायचे आणि ते मुख्यतः घड्याळ पाहण्याचे आहे. लातूरच्या ताईंना लिहिलेली पळणे-चालणे ही पद्धत तुम्हालाही जशीच्या तशी लागू आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, एवढ्यावर दहा आठवड्यांत पाच किलोमीटर निश्चित होतात. बचत गटाची वही जशी ठेवता, तशी एक वही ठेवा आणि तीत तारीख, कोण आले आणि किती मिनिटे पळणे झाले एवढेच लिहा. कोण पुढे आणि कोण मागे, हे त्या वहीत नको. एखादी दोन दिवस आली नाही, तर तिसऱ्या दिवशी तिच्या दारावरून जायचे, हाही नियम करून टाका.

जागेबद्दल सांगायचे, तर डांबरी रस्त्यापेक्षा मुरमाची गाडीवाट पायांना चांगली. पावसात काळ्या मातीची वाट टाळावी लागते, कारण चिखल बुटाला लपेटून बसतो आणि घसरून घोटा मुरगळतो; उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात. शाळेचे पटांगण मिळाले तर उत्तमच, मुख्याध्यापकांना लेखी विनंती करून पाहा. शंभर मीटरचे पटांगण असले तरी त्याच्या फेऱ्या मारता येतात, फक्त अर्ध्या वेळानंतर दिशा बदलावी, म्हणजे वळताना एकाच पायावर ताण येत नाही.

उसाच्या गाड्यांची तुमची भीती अगदी रास्त आहे. कारखाने सुरू झाले की दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात जात असतात, कित्येकांना मागे दिवा किंवा चमकणारी पट्टी नसते, आणि बाहेर आलेला ऊस चालणाऱ्याच्या अंगाला लागू शकतो. म्हणून या काळात पूर्ण उजाडल्याशिवाय मोठ्या रस्त्यावर जाऊ नका. जायचेच झाले, तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे, एकामागे एक पळा, फिक्या रंगाचे कपडे घाला आणि कानात गाणी लावू नका. कुत्री अंगावर आली, तर पळणे थांबवून उभे राहायचे, त्यांच्याकडे तोंड करून सावकाश मागे सरायचे; आपण पळत राहिलो की त्यांचा पाठलाग सुरू राहतो. चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी, त्यात दिरंगाई करू नये.

खाण्याची वेगळी सोय लागत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, तिळाची चटणी, गूळ हे तुमचे रोजचे जेवण पाच किलोमीटरला पुरेसे आहे. पाणी तहान लागेल तसे प्यावे. घटाघटा खूप पाणी पिणेही बरे नव्हे, त्याने रक्तातले मीठ पातळ होते. फार घाम आलेल्या दिवशी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट-घोट घ्या. फेब्रुवारीनंतर ऊन वाढू लागेल. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस वेळ आणि वेग दोन्ही कमी करा, आणि एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्यापूर्वी घरी परत या. पळताना एखादी अडखळू लागली, भलतेच बोलू लागली किंवा तिचे अंग तापून तिला शुद्ध राहीना, तर तो उष्माघात समजून तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहायचे, वारा घालायचा आणि १०८ वर फोन करायचा. शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजायचे नाही.

तुम्हा पाच जणींत कोणी तरी एक सर्वांत हळू असेल. बहुधा ती कोण, हे तुम्हाला आत्ताच ठाऊक असेल. तिला मधे घ्या आणि वेग तिने ठरवावा. चौघी तिच्या चालीने पळाल्या, तरी पहिल्या महिन्यात कोणाचेही काही बिघडत नाही. दुसऱ्या महिन्यात कॉलेजच्या मुलीला वाटलेच, तर तिने पुढे जाऊन परत मागे यावे आणि पुन्हा सोबत पळावे, म्हणजे तिचे अंतर वाढेल आणि गट तुटणार नाही. गाडीवाटेवर अंधार असेल त्या दिवशी बॅटरी सर्वांत मागे राहणारीच्या हातात द्या आणि तिच्या पाठीवर चमकणारी पट्टी शिवा. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला आधी ती दिसली पाहिजे.